टक्के कशाचे?

सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस जपानच्या आयसाय या औषध कंपनीने एक निवेदन प्रसिद्ध केले. अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांवर लेकानेमॅब या नव्या औषधाची मोठी चाचणी पुरी झाली असून, औषधामुळे रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी कमी झाली, असे त्यात म्हटले होते. हा आकडा जगभरच्या वृत्तपत्रांतून फिरला आणि आजही या औषधाचे नाव निघाले की तोच आकडा पुढे येतो.

हे वाक्य वाचून सामान्य वाचकाचा काय समज होईल? कोणाला वाटेल, शंभरांतले सत्तावीस रुग्ण बरे झाले. कोणाला वाटेल, रुग्णांची स्मरणशक्ती २७ टक्क्यांनी सुधारली. आणखी कोणी म्हणेल, हे औषध घेतले तर अल्झायमर होण्याची शक्यता २७ टक्क्यांनी कमी होते. हे तिन्ही समज चुकीचे आहेत. गंमत अशी, की मूळ वाक्यात खोटे काहीच नाही. शब्दही सोपे आहेत. तरीही वाचकाच्या हाती पडते ते काही भलतेच.

या लेखात आम्ही कोणत्याही औषधाची शिफारस करणार नाही, की कोणत्याही औषधाला नावे ठेवणार नाही. कोणी कोणते औषध घ्यावे किंवा थांबवावे हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. आमची टीका आहे ती चाचण्यांचे निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवणाऱ्या भाषेवर. अवघड शब्द काढून सोपे घातले की भाषा सोपी झाली, असा एक समज आहे. आमच्या मते तो पुरेसा नाही. कोणावर उपचार केला, कशाशी तुलना केली, काय मोजले आणि फरक किती पडला, या चार प्रश्नांची उत्तरे जी भाषा देते, तीच खरी सोपी भाषा.

हा प्रश्न शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण आहे. गावात किंवा वस्तीत औषधाच्या पुडक्यातला कागद, रुग्णालयाने दिलेले संमतिपत्र किंवा वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन माणसे आजही शिक्षकाकडेच येतात. ‘गुरुजी, यात काय लिहिलंय?’ या प्रश्नामागे पुष्कळदा एखाद्या घराची शिल्लक, एखाद्या म्हाताऱ्या आईची काळजी आणि एखादा मोठा निर्णय असतो.

‘चाचणी’ या शब्दापासूनच सुरुवात

मराठीत ‘चाचणी’ हा शब्द फार कामाचा आहे, आणि म्हणूनच तो घोटाळ्याचाही आहे. शाळेत घटक चाचणी असते. प्रयोगशाळेत रक्ताची चाचणी असते. दोन्हींत परीक्षा होते ती ज्याची चाचणी घेतली त्याची: विद्यार्थ्याची किंवा रोग्याची. औषधाच्या चाचणीत मात्र परीक्षा औषधाची असते. माणूस तिथे परीक्षार्थी नसतो. औषध उपयोगी आहे की नाही हे अजून कोणालाच पक्के ठाऊक नसते, म्हणून तर ती चाचणी घ्यायची असते.

‘तुमच्यावर एक चाचणी करायची आहे’ असे कोणी सांगितले, तर आपला रोग तपासणार आहेत असे समजून माणूस सही करण्याचा धोका आहे. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे. पण केवळ मराठीत छापल्याने ते समजण्याजोगे होत नाही. ‘नवे औषध आणि सध्याचा उपचार यांची तुलना करायची आहे, तुम्हाला यांपैकी काय मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरेल, कोणते मिळाले हे तुम्हाला आणि बहुधा तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही’ हे तीन तुकड्यांचे वाक्य ‘यादृच्छिक दुहेरी-अंध चाचणी’ या शब्दसमूहापेक्षा लांब आहे, पण ते ऐकणाऱ्याला कळते.

या लांब वाक्यातच चाचणीचे सारे शास्त्र आहे. चिठ्ठी कशासाठी? डॉक्टरांनी आपल्या मर्जीने रुग्ण निवडले, तर नकळत धडधाकट रुग्ण एका बाजूला आणि खंगलेले दुसऱ्या बाजूला जातील. मग दिसलेला फरक औषधाचा की निवडीचा, हे सांगता येणार नाही. औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी कशासाठी? नवे औषध मिळाल्याच्या भरवशानेही रुग्णाला बरे वाटते, आणि तपासणाऱ्याच्याही नजरेत आशा मिसळते. ती मिसळण दोन्ही गटांत सारखी राहावी म्हणून.

पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे एक चांगले उदाहरण

आधुनिक चाचण्यांच्या इतिहासात १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाला मानाचे स्थान आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने फुप्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेतली होती. त्या काळी औषधाचा पुरवठा अगदी तुटपुंजा होता. साऱ्यांना पुरेल इतके ते नव्हतेच. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेल्या पद्धतीनुसार, कोणाला औषध मिळणार हे बंद पाकिटांत आधीच ठरलेले होते. एकूण १०७ रुग्ण. त्यांतल्या ५५ जणांना औषध आणि अंथरुणावर विश्रांती, तर ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे फक्त विश्रांती.

सहा महिन्यांनंतरचा निकाल असा: औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ जणांपैकी १४.

हे वाक्य सातवीतल्या मुलालाही कळते. कोण, किती, कशाशी तुलना, काय मोजले, किती काळाने हे सारे त्यात आहे. मोजलेली गोष्टही अशी, की तिच्या अर्थाबद्दल वाद नाही: माणूस जगला की गेला. टक्केवारीची गरजच पडत नाही. ज्याला हवी त्याने ती काढून घ्यावी. त्यासाठी लागणारे आकडे त्याच्यासमोर आहेत.

पुढे चाचण्या मोठ्या झाल्या, पद्धती काटेकोर झाल्या. ही प्रगती खरीच आहे. पण अहवालातून बातमीकडे जाणाऱ्या वाटेवर माणसे गळत गेली आणि टक्के उरले.

५८ मोठे की २८?

आता मधुमेहाकडे वळू. ज्यांच्या रक्तातली साखर वाढलेली आहे, पण अजून मधुमेह म्हणावा इतकी नाही, अशा लोकांवर दोन नामांकित चाचण्या झाल्या. त्यांतली पहिली अमेरिकेतली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तीत ३२३४ जण होते. एका गटाला आहार आणि व्यायाम यांचे बारकाईने मार्गदर्शन मिळाले: वजन सात टक्क्यांनी उतरवायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा. दुसऱ्याला मेटफॉर्मिन हे औषध, तिसऱ्याला निव्वळ दिखाऊ गोळी. दुसरी चाचणी चेन्नईची. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर ती केली आणि २००६ साली प्रसिद्ध केली. तिथेही आहार-व्यायामाचा एक गट, मेटफॉर्मिनचा एक, दोन्हींचा मिळून एक आणि नेहमीचा साधा सल्ला मिळालेला एक, असे चार गट होते.

दोन्हींचा निकाल टक्क्यांत असा सांगितला जातो: आहार-व्यायामाने मधुमेहाचे प्रमाण अमेरिकेत ५८ टक्क्यांनी कमी झाले, चेन्नईत २८.५ टक्क्यांनी. हे वाचून कोणीही म्हणेल, की हा उपाय अमेरिकनांना जितका लागू पडला त्याच्या निम्माच आपल्याला पडला. मग आपल्या माणसांनी चालायचे कष्ट कशाला घ्यायचे?

पण आता टक्के बाजूला ठेवून माणसे मोजू. अमेरिकेत दिखाऊ गोळी घेणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे २९ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात तो सुमारे १४ जणांना झाला. (५८ हा आकडा दरवर्षी नव्याने होणाऱ्या मधुमेहाच्या वेगावरून काढलेला आहे, तीन वर्षांच्या एकूण संख्येवरून काढला तर तो ५० च्या आसपास येतो. म्हणजे एकाच चाचणीतून दोन वेगळे टक्के निघतात, आणि दोन्ही बरोबर!) चेन्नईत साधा सल्ला मिळालेल्या शंभरांपैकी ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाच्या गटात ३९ जणांना.

वजाबाकी करा. अमेरिकेत शंभरामागे साडेचौदा माणसे वाचली, चेन्नईत जवळजवळ सोळा. हेच उलट्या बाजूने सांगायचे तर, एका माणसाचा मधुमेह तीन वर्षे टाळण्यासाठी अमेरिकेत सुमारे सात जणांनी हा उपाय करावा लागला, चेन्नईत साडेसहा जणांनी. टक्क्यांच्या भाषेत जो उपाय निम्मा दिसत होता, तो माणसांच्या भाषेत तितकाच, किंबहुना किंचित जास्तच, फायद्याचा ठरला. कारण सरळ आहे. आपल्याकडे धोकाच मोठा होता. अमेरिकेतल्या सहभागींच्या मानाने चेन्नईतले सहभागी पुष्कळ सडपातळ होते, वयानेही लहान होते, तरीही त्यांच्यातले निम्म्याहून अधिक जण तीन वर्षांत मधुमेहाकडे सरकले. मोठ्या धोक्याचा लहान हिस्सा हा लहान धोक्याच्या मोठ्या हिश्शाइतका असू शकतो. शंभर रुपयांचे २८ टक्के आणि पन्नास रुपयांचे ५८ टक्के यांत फार अंतर नाही, हे मुलांना शेकडेवारीच्या धड्यात आपण शिकवतोच. औषधाच्या बातमीत मात्र ‘शेकडा कशाचा’ हे विचारायचे आपण विसरतो.

चेन्नईच्या चाचणीने आणखी एक गोष्ट दाखवली. आहार-व्यायाम आणि मेटफॉर्मिन दोन्ही एकदम दिलेल्या गटातही शंभरांपैकी साधारण ३९–४० जणांनाच मधुमेह झाला. दोन उपाय एकत्र केल्याने जास्तीचे काही हाती लागले नाही. ‘दोन औषधे म्हणजे दुप्पट गुण’ या आपल्या समजुतीला हे चांगले उत्तर आहे.

सत्तावीस टक्क्यांच्या आत काय आहे?

चेन्नईतले २८ आणि लेकानेमॅबचे २७ हे आकडे शेजारी ठेवले तर एकसारखे दिसतात. त्यांचा अर्थ मात्र अगदी वेगळा आहे. लेकानेमॅबच्या चाचणीत १७९५ रुग्ण होते. निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध दिले, निम्म्यांना औषध नसलेले द्रावण. मुदत १८ महिने. इथे मोजले ते किती माणसे आजारी पडली हे नव्हे, कारण सगळे आधीच आजारी होते. मोजली ती त्यांची अवस्था, एका गुणपत्रिकेने. स्मरण, स्थळ-काळाचे भान, निर्णयशक्ती, समाजातले व्यवहार, घरातली कामे व छंद आणि स्वतःची निगा अशा सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण गुण शून्य ते अठरा. आपल्या शाळेच्या उलट, इथे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट.

सुरुवातीला दोन्ही गटांची सरासरी ३.२ च्या आसपास होती. दीड वर्षाने औषध न मिळालेल्यांची अवस्था सरासरी १.६६ गुणांनी खालावली, औषध मिळालेल्यांची १.२१ गुणांनी. फरक ०.४५ गुणांचा. या ०.४५ ला १.६६ ने भागले की येतात ते सुप्रसिद्ध २७ टक्के.

आता कळते की कोणी बरे झाले नाही. दोन्ही गट खालीच आले. एक जरा सावकाश आला. हेच काळाच्या भाषेतही सांगता येईल. घसरण सरळ रेषेत होते असे धरले, तर औषध न घेणारे साधारण तेरा महिन्यांत जिथे पोचतात, तिथे औषध घेणारे अठरा महिन्यांत पोचतात. पाच महिने हाती लागले. एखाद्या घराला हे पाच महिने मोलाचे वाटू शकतात. नातवंडांची नावे आणखी पाच महिने आठवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण सरासरीतले ०.४५ एखाद्या घरात जाणवेल का, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. काही अभ्यासक म्हणतात, या मापावर एक-दोन गुणांचा फरक पडल्याशिवाय तो घरच्यांच्या लक्षातही येत नाही. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की एका व्यक्तीतला बदल आणि दोन गटांच्या सरासरींतला फरक या दोन गोष्टी एकाच फुटपट्टीने मोजू नयेत. शिवाय उपचार चालू राहिला तर हा फरक वाढतही जाईल. हा वाद खरा आहे आणि तो वाचकासमोर यायला हवा. २७ टक्के म्हटले की तो येतच नाही, झाकला जातो.

इथे एका गोष्टीचे श्रेय देणे भाग आहे. वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मूळ शोधनिबंधाच्या सारांशात १.२१ आणि १.६६ हे दोन्ही आकडे स्पष्ट दिलेले आहेत. घसरण ‘मध्यम प्रमाणात’ कमी झाली, दुष्परिणाम आढळले आणि अधिक काळाच्या चाचण्या हव्यात, असेही त्याचे तात्पर्य आहे. म्हणजे तज्ज्ञांसाठी लिहिलेली भाषा प्रामाणिक होती. लोकांसाठी ‘सोपी’ केलेल्या भाषेत ती पातळ झाली.

अशा लेखनातली आणखी एक खोड सांगितली पाहिजे. फायदा सांगायचा तो भागाकाराने आणि तोटा सांगायचा तो मोजणीने. लेकानेमॅब घेतलेल्या शंभरांपैकी साधारण १३ जणांच्या मेंदूत सूज असल्याचे तपासणीत दिसले. न घेतलेल्यांत दोघांच्या. सूज आलेल्यांपैकी बहुतेकांना काही जाणवले नाही, शंभरांतल्या सुमारे तिघांना मात्र त्रास झाला. लहान रक्तस्रावही औषधाच्या गटात जास्त आढळले: शंभरांत सुमारे १७, विरुद्ध ९. २०२३ च्या जुलैत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पूर्ण परवानगी देताना या धोक्याचा इशारा माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापायला लावला. फायदा ज्या भागाकाराने सांगितला त्यानेच तोटाही सांगायचा, तर ‘सूज येण्याचे प्रमाण सातपट’ असे लिहावे लागेल. तसे कोणी बातमीत लिहीत नाही, आणि लिहूही नये. पण मग फायद्यालाही तीच शिस्त लावा, एवढेच आमचे म्हणणे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच माप हवे. औषधाची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत वर्षाला २६,५०० डॉलर होती. इतके मोल मोजणाऱ्याला पारडी सरळ दिसायला नकोत का?

कागदावरचा आकडा आणि माणूस

चार प्रश्नांपैकी ‘काय मोजले’ हा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. वैद्यकात पुष्कळदा आपल्याला हव्या त्या गोष्टीऐवजी तिच्या जागी दुसरीच सोयीची गोष्ट मोजली जाते. मधुमेहात आपल्याला हवे असते डोळे, मूत्रपिंडे, हृदय शाबूत राहणे. मोजायला सोपी असते ती साखर. साखर उतरली म्हणजे बाकीचे आपोआप सुधारले, असे आपण धरून चालतो.

कधी ते खरे ठरते. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत इन्सुलिनवर जगणारे १३ ते ३९ वयाचे १४४१ मधुमेही होते. साखर काटेकोर आटोक्यात ठेवल्याने डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचे प्रमाण खूपच घटले. त्याबरोबर साखर एकाएकी धोकादायक उतरण्याचे प्रसंग मात्र तिपटीने वाढले. तरीही एकंदर हिशेब फायद्याचाच होता.

मग अमेरिका आणि कॅनडातल्या ‘अ‍ॅकॉर्ड’ या चाचणीत हाच विचार वेगळ्या माणसांना लावला गेला. १०,२५१ जण, सरासरी वय ६२, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि हृदयविकाराचा मोठा धोका असलेले. निम्म्यांची साखर जवळपास निरोगी माणसाइतकी उतरवायची, निम्म्यांची बेताने. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी पहिल्या गटात ६.४ टक्क्यांवर आली, दुसऱ्यात ७.५ वर. कागदावर पहिला गट उत्तम गुणांनी पास. पण साडेतीन वर्षांत त्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्यात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये तो जोरकस उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. तेव्हापासून साखरेचे उद्दिष्ट रुग्णाचे वय आणि इतर आजार पाहून ठरवावे, या मताला बळ आले.

याहून कडू धडा हृदयविकारातला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनच चुकतात आणि अशांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे ते चुकार ठोके छान दाबून टाकत. आलेखावर सुधारणा डोळ्यांनी दिसे. पण १९८९ साली चाचणीतला हा भाग थांबवावा लागला. १९९१ च्या अहवालाप्रमाणे औषध घेतलेल्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, न घेतलेल्या ७४३ जणांपैकी २६. आलेख सुधारला आणि माणूस गेला.

ही उदाहरणे ठाऊक असताना अल्झायमरच्या बाबतीत काय घडले पाहा. लेकानेमॅबच्या आधीचे अ‍ॅडुकानुमॅब हे औषध मेंदूत साठणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन कमी करी. त्याच्या दोन मोठ्या चाचण्या यशाची आशा नाही म्हणून मार्च २०१९ मध्ये थांबवल्या होत्या. नंतर आकडे पुन्हा तपासताना एका चाचणीत जास्त मात्रेचा थोडा गुण दिसला, दुसरीत दिसला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने प्रतिकूल मत दिले. तरीही जून २०२१ मध्ये, अमायलॉइड कमी होते एवढ्या आधारावर, औषधाला त्वरित परवानगी मिळाली. समितीतल्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले. जानेवारी २०२४ मध्ये बायोजेन कंपनीने ते औषध सोडून देत असल्याचे जाहीर केले. ‘मेंदूतला साठा साफ होतो’ हे वाक्य किती सोपे आणि किती सुखावणारे! पण घरच्या माणसाने विचारायला हवे: साठा साफ झाला, पुढे काय? आई ओळखू लागली का?

‘लक्षणीय’ हा शब्दही असाच तपासून घेण्याजोगा. संख्याशास्त्रात फरक लक्षणीय आहे म्हणजे तो केवळ योगायोगाने पडला असण्याची शक्यता फार थोडी आहे, एवढेच. मराठीत मात्र लक्षणीय म्हणजे नजरेत भरणारे. पुरेशी माणसे घेतली तर नजरेत न भरणारा फरकही संख्याशास्त्राच्या अर्थाने लक्षणीय ठरतो. शक्य तिथे आपण ‘योगायोगाचा नसलेला फरक’ असे लिहावे.

मग काय करावे?

युरोपीय संघाच्या २०१४ च्या कायद्यानुसार, जो ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, प्रत्येक चाचणीच्या निकालाचा सामान्य माणसासाठी सारांश देणे बंधनकारक आहे. पाऊल स्वागतार्ह आहे. परिशिष्टात दहा मुद्दे आहेत: सहभागी कोण होते, दुष्परिणाम कोणते व किती वेळा आढळले, एकंदर निकाल काय, इत्यादी. उणीव अशी, की सारांश चाचणी घेणाऱ्यानेच सादर करायचा असतो. विद्यार्थ्याने स्वतःचे प्रगतिपुस्तक लिहावे तसे हे झाले. तो खोटे लिहील असे नव्हे, पण कोणता विषय वर लिहायचा हे तो ठरवतो. आपल्याकडे २००७ पासून चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि जून २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे आहे. ती कोणालाही पाहता येते, पण तिची भाषा इंग्रजी आणि तीही तज्ज्ञांची. तिथल्या निकालांचा भारतीय भाषांत सारांश असावा आणि तो चाचणीशी संबंध नसलेल्या कोणी तरी तपासावा, अशी मागणी शिक्षकांच्या संघटनांनी करायला हरकत नाही.

तोवर वर्गात एक काम करता येईल. औषधाची बातमी कापून आणायची आणि चार प्रश्न फळ्यावर लिहायचे: कोणावर? कशाशी तुलना? काय मोजले? शंभरांत किती? ज्याचे उत्तर बातमीत नाही, तिथे रिकामी चौकट ठेवायची. रिकाम्या चौकटीही पुष्कळ शिकवतात. मग जमेल तिथे बातमी पुन्हा लिहायची. नमुन्यादाखल आम्ही एक लिहून पाहिली:

‘अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतील सुमारे अठराशे रुग्णांपैकी निम्म्यांना दीड वर्ष, दर दोन आठवड्यांनी शिरेतून नवे औषध दिले आणि निम्म्यांना औषध नसलेले द्रावण. दोन्ही गटांची अवस्था खालावली. अठरा गुणांच्या मापावर औषध न मिळालेले सरासरी १.६६ गुणांनी खालावले, मिळालेले १.२१ गुणांनी. औषध मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे १३ जणांच्या मेंदूत सूज आढळली, न मिळालेल्या शंभरांपैकी दोघांच्या. बहुतेकांना सुजेचा त्रास जाणवला नाही. दीड वर्षानंतर काय होते, हे या चाचणीवरून सांगता येत नाही.’

यात एकही अवघड शब्द नाही आणि एकही गोष्ट झाकलेली नाही. मथळ्याला शोभण्यासारखा आकडा मात्र नाही, हे खरे. ज्याला आपल्या आईसाठी निर्णय घ्यायचा आहे, त्याला मथळा नको असतो. त्याला हिशेब हवा असतो, आणि हिशेब मांडून दाखवणे हे शिक्षकाचे रोजचेच काम आहे.